त्रिशंकू कोण?

लोकसभेत कोणत्याच पक्षाला बहुमत मिळाले नाही तर मराठी वर्तमानपत्रे त्या लोकसभेला 'त्रिशंकू' म्हणतात. हा शब्द आपल्या इतका सवयीचा झाला आहे की तो कुणाला खटकत नाही. मलाही खटकला नव्हता. २०२४ च्या मे महिन्यात, भिवंडी मतदारसंघाचे मतदान आठ-दहा दिवसांवर आले असताना, शहापूरच्या आमच्या अभ्यासवर्गात एका दैनिकाचा अग्रलेख वाचायला घेतला होता. देशात त्रिशंकू अवस्था आली तर काय अनर्थ ओढवेल याचे वर्णन त्यात होते. वाचून झाल्यावर बारावीची परीक्षा दिलेली एक मुलगी म्हणाली, "सर, त्रिशंकू म्हणजे कोण?" मी शब्दकोशातले उत्तर दिले. धड इकडे नाही, धड तिकडे नाही, मध्येच लोंबकळणारा. तिचे समाधान झाले नाही. "पण त्याला लटकवलं कोणी?" असे तिने विचारले आणि मी गप्प झालो, कारण मला ते ठाऊक नव्हते.

पुराणे आपली नाहीत म्हणून ती वाचायचीच नाहीत, अशी एक सवय आपल्या कार्यकर्त्यांत आहे. ती सोयीची आहे, पण बाबासाहेबांची नव्हे. त्यांनी राम-कृष्णाची कोडी सोडवताना मूळ ग्रंथ समोर ठेवले होते. त्या रात्री मी वाल्मीकी रामायणाचे बालकांड काढून बसलो.

कथा अशी आहे. त्रिशंकू हा इक्ष्वाकू कुळातला राजा. त्याला देहासकट स्वर्गात जायचे होते. कुलगुरू वसिष्ठाने यज्ञ करण्यास नकार दिला. मग तो वसिष्ठाच्या मुलांकडे गेला. त्यांनीही नकार दिला आणि हा दुसऱ्या कोणाकडे जाऊ म्हणतो हे पाहून शाप दिला, की तू चांडाळ होशील. रात्र उलटली आणि राजा चांडाळ झाला. वर्ण काळवंडला, वस्त्र निळे झाले, अंगावर लोखंडाचे दागिने आले, चितेवरची माळ गळ्यात आली. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाचा जो पेहराव ठरवून दिला आहे, तोच जवळजवळ हा. त्याचे मंत्री आणि प्रजा त्याला सोडून पळाले.

म्हणजे आपले वर्तमानपत्र ज्याला त्रिशंकू म्हणते तो एक अस्पृश्य ठरवलेला माणूस आहे. स्वर्गाच्या दारातून त्याला ढकलण्याचे कारण तेच आहे. इंद्र त्याला म्हणतो, तू गुरूच्या शापाने हत झालेला आहेस, इथे तुला जागा नाही, डोके खाली करून पड.

इंग्रजीतल्या 'हंग पार्लमेंट' या शब्दात असे काही नाही. ज्या पंचमंडळाचे एकमत होत नाही त्याला जसे अडलेले म्हणावे, तसा तो शब्द आहे. मराठीत 'अधांतरी लोकसभा' हा साधा शब्द उपलब्ध होता, आजही कधी कधी वापरला जातो. पण पांढरपेशा पत्रकारितेच्या ओठावर आला तो त्रिशंकू. कुणी मुद्दाम हे केले असे मी म्हणत नाही. मुद्दाम करावे लागत नाही, हेच तर आपल्या भाषेचे दुखणे आहे. ज्याच्या घरात ती कथा आजीने सांगितली त्याला तो शब्द आपोआप सुचतो, आणि त्या शब्दाबरोबर वरून खाली पाहणारी नजरही आपोआप येते. त्रिशंकूची भीती स्वर्गात बसलेल्यांना वाटते. जो जमिनीवर आहे त्याला कुणी खाली ढकलण्याची भीती कशी वाटावी?

कथेचा पुढचा भाग वर्तमानपत्रे सांगत नाहीत. त्रिशंकू खाली पडू लागला तेव्हा विश्वामित्राने 'थांब' म्हटले आणि तो दक्षिणेकडे नवे सप्तर्षी, नवी नक्षत्रे निर्माण करू लागला. दुसरा इंद्र करतो, नाही तर जगात इंद्रच नको, असे त्याने म्हटले. तेव्हा देव घाबरले आणि हात जोडून बोलणी करायला आले. तडजोड झाली. त्रिशंकू त्या नव्या नक्षत्रांत राहील, चमकेल, पण डोके खालीच असेल. जोपर्यंत एकच आकाश होते तोपर्यंत देव शाप, धर्म आणि गुरू यांची भाषा बोलत होते. दुसरे आकाश बनू लागले तेव्हा ते वाटाघाटीला बसले. आघाडीच्या राजकारणाचे इतके जुने वर्णन आपल्याकडे पडून आहे आणि आपण त्याला फजितीची गोष्ट समजतो.

पण विश्वामित्राला मित्र समजण्याची घाई नको. त्याचे वसिष्ठाशी जुने वैर होते. त्रिशंकू त्याच्या हाती आयता सापडला. शिवाय त्याच यज्ञाच्या वेळी ज्यांनी चांडाळाच्या यज्ञाची टिंगल केली त्यांना विश्वामित्राने शाप दिला तो कोणता? वसिष्ठपुत्रांना कुत्र्याचे मांस खाणाऱ्यांच्या जन्माला घातले आणि महोदय नावाच्या ऋषीला निषाद केले. चांडाळाची बाजू घेणाऱ्याच्या तोंडीसुद्धा शिक्षा म्हणून खालची जातच आली! शहापूर-मुरबाडच्या वाड्यापाड्यांवर मते मागायला येणारे आपले सगळे विश्वामित्र मला त्या रात्री आठवले. त्यांच्या भाषणात आपण नायक असतो आणि गाडीत परत बसल्यावर त्यांच्या शिव्यांत आपण असतो.

आता शब्द बाजूला ठेवून वस्तुस्थितीकडे यावे. 'स्थिर सरकार' हे दुसरे नाणे आपल्याकडे चालवले जाते. स्थैर्य कोणाचे, हा प्रश्न आपण विचारत नाही. तानसाचे धरण १८९२ साली पुरे झाले. तेव्हापासून शहापूर तालुक्यातले पाणी अत्यंत स्थिरपणे मुंबईला जाते. पुढे भातसाचेही जाऊ लागले. आणि एप्रिल-मे महिन्यांत याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात, त्याही तितक्याच स्थिर आहेत. ज्याच्या आयुष्यात हलण्याची गरज आहे त्याला स्थैर्याची भीक घालणे ही क्रूर थट्टा आहे.

बाबासाहेबांनी हा प्रश्न फार स्पष्टपणे मांडला होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा घटना समितीपुढे ठेवताना त्यांनी अमेरिकन पद्धतीची आणि संसदीय पद्धतीची तुलना केली. एका पद्धतीत स्थैर्य अधिक आणि जबाबदारी कमी असते, दुसऱ्या पद्धतीत जबाबदारी अधिक आणि स्थैर्य कमी असते. दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी व्यवस्था अजून सापडलेली नाही, आणि मसुद्याने जबाबदारीला अधिक पसंती दिली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सरकार पडू शकते हा आपल्या घटनेतला दोष नव्हे, ती तिची योजना आहे. दररोज प्रश्न विचारले जावेत आणि उत्तर देता आले नाही तर खुर्ची जावी, यासाठी ती तशी रचली आहे. घटनेच्या प्रतीला हार घालणाऱ्या सभांतून हे वाक्य मी क्वचितच ऐकले आहे.

मग प्रचंड बहुमताने आपल्याला काय दिले आणि बहुमत नसलेल्या सभागृहांनी काय दिले, हा हिशेब मांडून पाहावा. मंडल आयोगाचा अहवाल १९८० च्या डिसेंबरअखेर सादर झाला. त्या वेळी इंदिरा गांधींपाशी साडेतीनशेहून अधिक जागा होत्या. १९८४ साली राजीव गांधींना चारशेहून अधिक मिळाल्या. २०२४ च्या प्रचारात 'चारसौ पार' ही घोषणा फिरत होती तेव्हा लोकांना ती नवी वाटत होती; प्रत्यक्षात चारशे एकदा पार होऊन गेले आहेत, आणि त्या पाच वर्षांत मंडलचा अहवाल कपाटातून बाहेर आला नाही. तो बाहेर आला ७ ऑगस्ट १९९० रोजी, १४३ खासदारांच्या जनता दलाच्या सरकारकडून, जे उजव्या आणि डाव्या दोन्ही कुबड्यांवर उभे होते. शहापूर-मुरबाडमधला कुणबी आणि आगरी समाज आज ज्या सवलतीवर मुलांना केंद्र सरकारच्या नोकरीसाठी अर्ज भरायला लावतो, ती सवलत अशा डळमळत्या सरकारची आहे. त्याच १९९० साली बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. धर्मांतर १९५६ चे. मधल्या चौतीस वर्षांत मजबूत सरकारे किती आली आणि गेली! बाबासाहेबांना भारतरत्नही त्याच वर्षी मिळाले. ते सरकार अकरा महिने टिकले.

१९९६ ची लोकसभा तर त्रिशंकूंचा त्रिशंकू. तेरा दिवसांचे वाजपेयी सरकार, मग देवेगौडा, मग गुजराल. वर्तमानपत्रांनी या काळाची भरपूर टवाळी केली. पण अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा त्याच १९९६ च्या डिसेंबरात झाला. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाड तालुक्यातली ७७ गावे अनुसूचित क्षेत्रात येतात, म्हणजे हा कायदा आपल्या दाराशी आलेला आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम करायला २०१४ साल उजाडवले, ही गोष्ट वेगळी, आणि त्या दिरंगाईत मुंबईतल्या स्थिर सरकारांचा वाटा मोठा आहे. वनहक्क कायदा २००६ चा. तेव्हाही काँग्रेसपाशी स्वतःचे बहुमत नव्हते आणि डाव्या पक्षांच्या साठ-एक खासदारांवाचून सरकार चालत नव्हते. मुरबाडच्या काळू नदीवर वनखात्याच्या मंजुरीवाचून धरणाचे काम सुरू झाले, ते २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने थांबवले. त्या लढ्यात ग्रामसभांचे ठराव हे एक हत्यार होते. धरणाचा प्रस्ताव पुढेही पुन्हा पुन्हा डोके वर काढत राहिला. पण ठराव करायची जागा तरी कायद्याने दिली, आणि तो कायदा कोणा एकाच्या मेहेरबानीचा नव्हता.

हे लिहिताना मला माझ्याच युक्तिवादातली भोके दिसतात आणि ती झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, तो राजीव गांधींच्या त्याच अवाढव्य बहुमताच्या लोकसभेने केला, भले शेवटच्या महिन्यांत केला असेल. उलट, २०१८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा पातळ केला, तेव्हा केंद्रात एका पक्षाचे निर्विवाद बहुमत होते. २ एप्रिलला देशभर लोक रस्त्यावर उतरले, माणसे मेली आणि ऑगस्टमध्ये त्याच सरकारला कायदा पूर्ववत करणारी दुरुस्ती करावी लागली. रस्ता भरला की बहुमतही वाकते. तेव्हा संसद अधांतरी झाली की आपले आपोआप भले होते, असा भाबडा सिद्धान्त मी मांडत नाही.

त्याहून मोठे भोक आहे ते विक्रीचे. जुलै १९९३ मध्ये नरसिंह राव यांच्या अल्पमतातल्या सरकारवर अविश्वास ठराव आला. तो २५१ विरुद्ध २६५ मतांनी फेटाळला गेला. सरकार ज्यांच्या मतांनी वाचले त्यांत झारखंड मुक्ती मोर्चाचे खासदार होते आणि त्यांनी त्यासाठी पैसे घेतल्याचे प्रकरण पुढे न्यायालयात गेले. आदिवासींच्या अस्मितेसाठी जन्मलेला पक्ष! १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की पैसे घेऊन सभागृहात मत देणाऱ्या खासदाराला घटनेचे संरक्षण आहे. हा निर्णय पंचवीस वर्षांहून अधिक काळ टिकला. ४ मार्च २०२४ रोजी, म्हणजे लोकसभा निवडणूक जाहीर होण्याच्या तोंडावर, सात न्यायाधीशांच्या पीठाने तो रद्द केला. २२ जुलै २००८ ला लोकसभेत नोटांची बंडले फडकवली गेली, ते दृश्य अनेकांना आठवत असेल. बहुमत नसलेल्या सभागृहात आपल्या मताला मोल येते हे खरे. पण मोल आले की भावही येतो, आणि भाव सांगणारा आपल्यातलाच निघतो.

इथे त्रिशंकूकडे परत यावे लागते. त्या राजाने मागितले काय? देहासकट स्वर्ग, आणि तोही फक्त स्वतःच्या देहासकट. चांडाळ झाल्यावर त्याला इतर चांडाळांची आठवण झाली असे बालकांडात कुठेही नाही. त्याला लोखंडाचे दागिने अंगावरून काढायचे होते, ते दागिने बनवणारी व्यवस्था मोडायची नव्हती. रिपब्लिकन पक्षाच्या गटांचा इतिहास मी इथे उगाळत नाही, तो वाचकांना पाठ आहे. १९९८ साली एक अपवादात्मक गोष्ट घडली. सगळे गट एकत्र आले, काँग्रेसशी युती झाली आणि प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले व जोगेंद्र कवाडे असे चार जण खुल्या मतदारसंघांतून लोकसभेत गेले. याच लोकसभेत १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले. एक मत म्हणजे काय हे साऱ्या देशाला त्या दिवशी कळले. ज्या सभागृहात एकेक मत मोजले जात होते तिथे आपली चार मते होती. त्या वर्ष-सव्वा वर्षात चौघांनी मिळून एक लेखी मागणीपत्र देशापुढे ठेवले असते तर? पुढच्या निवडणुकीपर्यंत एकी फुटली आणि चौघांचे दोन झाले. आपण अधांतरी सभागृहात पोचलो होतो, पण नवी नक्षत्रे करण्याऐवजी जुन्या आकाशात जागा शोधत राहिलो.

मत रोखून धरण्याचेही राजकारण आपण करून पाहिले आहे, हेही नोंदवले पाहिजे. जानेवारी १९७४ मध्ये मध्य-दक्षिण मुंबईच्या पोटनिवडणुकीत दलित पँथरने बहिष्कार पुकारला. काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्ट रोझा देशपांडे निवडून आल्या. त्याची किंमत वरळीच्या वस्तीने दिली आणि भागवत जाधव यांनी प्राणाने दिली. गठ्ठा मतदान म्हणून आपल्याला हिणवणाऱ्यांना त्या वेळी गठ्ठा पेटीत न पडण्याचा अर्थ कळला होता.

२०२४ कडे येतो. कर्नाटकातले खासदार अनंतकुमार हेगडे मार्च महिन्यात बोलून गेले, की घटना बदलायची तर चारशे जागा हव्यात. त्यांच्या पक्षाने हात झटकले, पण वाक्य वाड्यावस्त्यांपर्यंत पोचले होते. ज्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखेरीज भिंतीवर दुसरे काही नाही, त्या घराला घटना म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. ४ जूनला निकाल लागला. भाजप २४०, बहुमताला हवेत २७२, मित्रपक्ष धरून २९३. आंध्रचे सोळा आणि नितीशकुमारांचे बारा यांच्यावाचून सरकार उभे राहत नव्हते. महाराष्ट्राच्या ४८ पैकी ३० जागा विरोधी आघाडीला गेल्या आणि त्यात भिवंडी होती. केंद्रात राज्यमंत्री असलेले कपिल पाटील पडले. राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे सुरेश म्हात्रे ६६,१२१ मतांनी आले. अपक्ष निलेश सांबरे यांना सव्वादोन लाखांहून अधिक मते पडली.

निकालानंतर महिनाभर ग्रामीण भागात एकच चर्चा होती, सांबऱ्यांनी कोणाची मते खाल्ली. 'मते खाणे' हाही एक पाहण्यासारखा शब्दप्रयोग आहे. मत म्हणजे कोणाच्या तरी ताटातले अन्न, ते दुसऱ्याने खाल्ले की चोरी. मत देणाऱ्याचे ते आहे आणि त्याने ते मनापासून दिले असेल, ही शक्यताच या भाषेत नाही. शहापूरच्या राखीव जागेवर त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेचा निकाल दोन हजारांहूनही कमी मतांनी लागला. दोन हजार म्हणजे किती, तर चार-सहा पाड्यांचे मतदार. इतक्या घासून झालेल्या लढतीत 'खाल्ली' आणि 'फुकट गेली' यांचीच मोजदाद चालते. पडलीच नाहीत ती मते कोण मोजतो?

अधांतरी सरकारचा पहिला परिणाम लवकर दिसला. १७ ऑगस्ट २०२४ ला केंद्रातल्या ४५ वरिष्ठ पदांवर बाहेरून थेट नेमणुका करण्याची जाहिरात लोकसेवा आयोगाने दिली. त्यात आरक्षण नव्हते. विरोधकांनी ओरड केलीच, पण सरकारातल्या चिराग पासवान यांनीही जाहीर विरोध केला. तिसऱ्या दिवशी जाहिरात मागे घेतली गेली. अशा नेमणुका त्याआधीच्या निर्विवाद बहुमताच्या काळात होऊन गेल्या होत्या आणि तेव्हा कुणाला मागे फिरावेसे वाटले नव्हते. अभ्यासवर्गात मी हे उदाहरण दिले तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांचा संकोच वाटला. कारण २० मेचा दिवस माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हता.

त्या दिवशी मी मुरबाड तालुक्यातल्या एका मतदान केंद्रावर निवडणुकीच्या कामाला होतो. यादीतले नाव मोठ्याने वाचायचे आणि त्यावर खूण करायची, हे माझे काम. सकाळी रांग होती. दुपारी उन्हाने पत्रा तापला आणि रांग संपली. मी यादी चाळू लागलो. पाटील, भोईर, देसले यांच्या पानांवर खुणा दाट होत्या. मग मुकणे, वाघे, हिलम अशी नावे सुरू झाली आणि पानेच्या पाने कोरी निघाली. समोर बसलेल्या पक्षाच्या प्रतिनिधींना मी विचारले. ते एकेका नावावर बोट ठेवत म्हणाले, "भट्टीवर. भट्टीवर. हाही भट्टीवर." तिन्ही पक्षांच्या प्रतिनिधींचे या एका बाबतीत एकमत होते.

दिवाळीनंतर शेठचा मुकादम पाड्यावर येतो, बयाना देतो आणि कातकरी कुटुंबे पोराबाळांसह वीटभट्टीवर जातात. भिवंडी, कल्याण, पनवेल, जिथे नेईल तिथे. बयाना फिटेपर्यंत परत यायचे नाही. परततात ती पाऊस पडण्याच्या सुमारास. आणि १९९९ नंतरच्या आपल्या लोकसभेच्या निवडणुका पाहा, २००४ पासून प्रत्येक वेळी एप्रिल-मे. भट्टीचा हंगाम आणि लोकशाहीचा हंगाम एकच. मतदानाच्या दिवशी रोजंदारीच्या मजुरालाही भरपगारी सुट्टी द्यावी असे कलम लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात आहे, तेही १९९६ साली घातलेले. पण भट्टीवर पगार नसतो, हजार विटांमागे दर असतो. पाडलेल्या विटा नाहीत तर सुट्टी कशाची भरायची? जो समाज या जिल्ह्यात सर्वांत तळाशी आहे, ज्याच्या नावे पेसा आणि वनहक्क झाले, त्याचे मत सरकार अधांतरी करायलाही उपलब्ध नसते आणि स्थिर करायलाही नसते. आमच्या चळवळीचे लोकही या पाड्यांवर जयंतीच्या वर्गणीला जात नाहीत, की मतदार यादी घेऊन जात नाहीत. बौद्धवाडी आणि कातकरवाडी यांच्या मध्ये फार तर एक ओढा असतो. तो ओलांडायला आम्हाला पन्नास वर्षे पुरलेली नाहीत.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला पाऊस झाला आणि माणसे परतली. त्यातला एक जण मुलाला घेऊन शाळेत आला. मतदानाला का आला नाहीस, असे मी विचारले, आणि विचारताच मला माझ्या प्रश्नाची लाज वाटली.

"शेठ नाय बोलला नाय, गुरुजी," तो म्हणाला. "पन गाडीभाडा कोन देनार? आन पावसाच्या आत कच्ची वीट भाजून निघाया पायजे." मग त्यानेच विचारले, "राज कोनाचा आला?"

मी त्याला समजावले, की या वेळी कोणा एकाचे राज्य आलेले नाही, तिघा-चौघांनी मिळून चालवायचे आहे, आणि ते आपल्या दृष्टीने बरे आहे, कारण आता प्रत्येकाला विचारता येईल. त्याने ऐकून घेतले.

"तिघं-चौघं?" तो म्हणाला. "मंग एकाला इचारला तं तो दुसऱ्याचा नाव सांगंल."

मला उत्तर सुचले नाही. त्याने कमरेच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून मुलाचे आधार कार्ड काढले, टेबलावर ठेवले आणि जातीचा दाखला नसला तर आश्रमशाळेत घेतील का, ते विचारले.